आधी रक्त, मग काटा

सून मैद्याच्या पोत्यांवर बसली आणि उठलीच नाही, तेव्हा आत्याला वाटलं ती आळस करते आहे.

"उठा राणीसरकार," आत्या दारातून म्हणाली. "पुढे गिऱ्हाईक खोळंबलंय."

भट्टीवाला तेव्हा भट्टीतून पाव काढत होता. त्याचं तोंड आगीकडे होतं, पाठ पोत्यांकडे. आत्याने दुसऱ्यांदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली, आणि तिसऱ्या हाकेला तिचा आवाज बदलला तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं. सुनेची मान एका बाजूला कलली होती. ओठ मैद्यासारखे पांढरे. त्याने हातातलं लांब लाकडी फावडं भट्टीच्या तोंडाशीच टाकलं आणि धावला. तोंडावर पाणी मारलं, पाय वर उचलून धरले, तेव्हा कुठे तिने डोळे उघडले.

"काही नाही," ती म्हणाली. "जरा गरगरलं."

"उकाड्याने झालं असेल," आत्या म्हणाली. "नाहीतर एवढ्या धडधाकट बाईला काय होतंय?"

भट्टीवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आत्या म्हणजे त्याची थोरली बहीण, आणि त्याची बायको गेल्यावर हे घर सांभाळायला स्वतःचं घर सोडून आलेली. तो भट्टीकडे वळला. फावड्याचं टोक तोवर जळून काळं पडलं होतं. त्याने ते बादलीत बुडवलं आणि जो चर्र आवाज झाला तो त्याला बरा वाटला.

सुनेला दिवस गेले होते. दुसरा महिना सरत आला होता आणि घराबाहेर अजून कोणाला सांगितलं नव्हतं, कारण मागच्या खेपेला सांगून झालं होतं, पाळणा कुठे टांगायचा ते ठरलं होतं, आणि तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं. त्या वेळी सून कितीतरी दिवस काउंटरवर बसून गिऱ्हाइकांना सुटे पैसे देताना हसत होती आणि आत जाऊन रडत होती. आता पुन्हा तिसरा महिना तोंडावर आला होता. घरातलं प्रत्येक माणूस मनात तेच धरून होतं आणि दुसरंच काहीतरी बोलत होतं.

सून अंगाने भरलेली होती. लग्न झालं तेव्हाही होती, नंतर अजून झाली. यात नवल काही नव्हतं. या घरात सगळ्याच बायका तशा झाल्या. भट्टी पेटली की घर तिच्या तालावर चालायचं आणि जेवायला वेळ कोणालाच नसायचा. करपलेला पाव, ट्रेमध्ये तुटलेली बिस्किटं, केक कापताना उरलेल्या कडा, शिळा टोस्ट, असा सगळा तुटका माल काउंटरखालच्या मोठ्या डब्यात जायचा. भूक लागली की ज्याने त्याने डब्यात हात घालायचा, वर चहा. चूल रात्री एकदाच पेटायची. तेव्हा डाळ, भाजी, कधी अंडी, कधी मासे. या घरात जेवण म्हणजे ते एकच. डब्यातलं खाणं कोणी मोजत नसे, ते खाणं नव्हतंच.

सुनेला मूल हवं होतं, म्हणून मागच्या वर्षी ती आपण होऊन दवाखान्यात विचारायला गेली होती. मागचं गेलं, आता पुढचं राहायला हवं तर काय करू? तिथे तिला काट्यावर उभं केलं आणि सांगितलं, आधी वजन उतरवा, मग या. जेवण कमी करा. तिने ते मनावर घेतलं. या घरच्या हिशेबाने जेवण म्हणजे रात्रीचं, तेव्हा तिने रात्रीचं सोडलं. डाळ गेली, भाजी गेली, अंडं गेलं. राहिला काउंटरखालचा डबा, कारण तो कधी मोजलाच नव्हता. आत्या शेजारणींना कौतुकाने सांगायची की पोरीचा निग्रह बघा, रात्रीचा घास शिवत नाही. काटा मात्र जागचा हलला नाही. उलट थोडा पुढेच सरकला. आणि ती पुन्हा दवाखान्यात तोंड दाखवायला लाजत होती तेवढ्यात दिवस राहिले.

पोत्यांवर कोसळली त्याच्या दुसऱ्या दिवशी भट्टीवाला तिला घेऊन दवाखान्यात गेला. मुलगा सकाळची गाडी घेऊन दुकानोदुकानी पाव टाकायला जायचा, त्याला सवड नव्हती. आणि खरं सांगायचं तर भट्टीवाल्याला स्वतःलाच जायचं होतं. दीड वर्षापूर्वी बायको गेल्यापासून त्याने त्या इमारतीत पाऊल टाकलं नव्हतं.

बायको अशीच भरलेली होती. जिना चढताना दम लागतो म्हणायची. डॉक्टर म्हणायचे, वजन कमी करा. पाय ओढतात म्हणायची. वजन कमी करा. परातीएवढं पीठ मळून झालं की डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणायची, तर एकाने हसून सांगितलं, बेकरीत राहून दुसरं काय होणार, पाव विकत जा, खात जाऊ नका. ती घरी येऊन तेच वाक्य नक्कल करून सांगायची आणि सगळे हसायचे. वर्षानुवर्षं रक्त आतल्या आत झिरपत होतं. शेवटी कोणीतरी रक्त तपासलं तेव्हा आतड्यातलं दुखणं सगळीकडे पसरलेलं होतं, आणि त्याच इमारतीतल्या एका डॉक्टरने भट्टीवाल्याला विचारलं होतं, "इतके दिवस काय करत होतात?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. ते तो रोज भट्टीसमोर देत असे, मनातल्या मनात, आणि शिव्या घालून.

दवाखान्यात बायकांची रांग एका अरुंद बोळातून पुढे सरकत होती. बोळाच्या टोकाला काटा. काट्याशेजारी स्टुलावर एक बाई, आणि तिचा कारकून पार दुसऱ्या टोकाला टेबलाशी. त्यामुळे प्रत्येकीचं वजन ती ओरडून सांगायची. कोणी आपल्या वजनाला लाजो की न लाजो, ते अख्ख्या बोळाला कळायचं. काट्यापुढे दोन दारं होती. उजवीकडे रक्ताची खोली, डावीकडे सल्ल्याची. आकडा ओरडून झाला की काट्यावरची बाई हाताने दिशा दाखवायची, चौकातल्या पोलिसासारखी. बारीक बाई उजवीकडे, जाड बाई डावीकडे. भट्टीवाल्याने शेजारच्या एका नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, रक्त तपासायचं सामान कमी येतं. कधीतरी वरून कोणी सांगितलं होतं, आधी बारीक बायकांचं करा. पुढे त्यातलं 'आधी' गळून पडलं.

सून काट्यावर चढली. बाईने आकडा पुकारला. भट्टीवाला भिंतीवरच्या पंख्याकडे बघत राहिला, जणू त्याला ऐकू येत नाही. बाईचा हात डावीकडे झाला.

"हिचं रक्त तपासायचंय," तो पुढे होऊन म्हणाला. "काल बेशुद्ध पडली."

"आजोबा, रक्त बारीक बायकांचं," बाई म्हणाली. "तुमच्या सुनेला कशाची कमी आहे?"

रांगेत दोन-तीन जणी हसल्या. वाईट मनाने नाही. रांगेत उभं राहून कंटाळलेली माणसं जशी हसतात तशी. पण भट्टीवाल्याचा तोल गेला. तो थेट कारकुनाच्या टेबलाशी गेला आणि त्याने टेबलावर असा हात आपटला की कारकुनाचा चहा उडून त्याच्याच मांडीवर सांडला. मग तो काय काय बोलला ते त्याला नंतर धड आठवेना. बायकोचं बोलला. जिन्याचं, पायांचं, अंधारीचं बोलला. तुम्ही मारलंत तिला म्हणाला. जे डॉक्टर कधीच बदली होऊन गेले होते त्यांचा उद्धार केला. आणि कारकून मांडी पुसत म्हणत होता, कोण बाई, कुठली बाई, आज नाव काय लिहू? शेवटी रखवालदाराने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. सून मागोमाग आली. तिला कोणी काढलं नव्हतं, पण तिथे उभं राहायला तोंड उरलं नव्हतं.

रस्त्यावर आल्यावरही त्याच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. एका बंद दुकानाच्या पायरीवर सून बसली, आणि तो समोर येरझाऱ्या घालत बोलत राहिला.

"बाबा, बसा," ती म्हणाली.

"बसतो कसला. उद्या मी वरच्या साहेबाकडे जातो. त्या कारकुनाला..."

"बाबा, तुम्ही आज आईंसाठी भांडलात."

तो थांबला.

"माझ्यासाठी नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण त्यात असं काहीतरी होतं की पायरीजवळून जाणारा एक माणूस लांबून गेला. "मला रक्त तपासून हवं होतं. एवढंच. ते झालं का? हाकलून दिलं. आता मी पुन्हा त्याच बाईपुढे कुठल्या तोंडाने जाऊ? आणि तिने विचारलं कशाची कमी आहे, तर तुम्हाला राग आला. घरात हेच विचारतात रोज, तेव्हा नाही येत."

"ताईचा स्वभाव..."

"आत्यांचं सोडा. मी काय खाते ते कोणी विचारलंय मला? तुम्ही विचारलंय?"

"आपल्या घरात खाण्याला कोणाची आडकाठी आहे? डब्याला कुलूप लावलंय का मी?"

"डब्यात असतं काय?" ती म्हणाली. "मैदा नि साखर. जे विकलं जात नाही ते. आईंनी जन्मभर तेच खाल्लं. तुम्ही सगळ्यांना सांगता, बेकरीवाल्याच्या घरात कोणी उपाशी राहत नाही. आई राहिल्या. पोट भरलेलं होतं, तरी राहिल्या. आता मी."

त्याला तिचा भयंकर राग आला. हिला काय माहीत? तीन वर्षं झाली या घरात येऊन, आणि माझ्या बायकोचं मला सांगते. घरापर्यंत तो तिच्या चार पावलं पुढे चालला, आणि मध्येच आठवण होऊन थांबला की हिला चक्कर येते, मग ती जवळ आली की पुन्हा पुढे.

घरी येऊन त्याने भट्टीत एवढी लाकडं कोंबली की दुपारचा सगळा माल करपला. मुलगा काही विचारायला आला तर त्याने त्याला पिटाळून लावलं. काळे पाव डब्यात टाकायला म्हणून त्याने उचलले, काउंटरपर्यंत गेला, वाकून झाकण काढलं आणि तसाच वाकलेला राहिला. डबा अर्धा भरलेला होता. बिस्किटांचा चुरा, टोस्टचे तुकडे, गुलाबी केकच्या कडा. त्याला डब्यात शिरणारा बायकोचा हात दिसला नाही की काही दिसलं नाही. फक्त आतलं दिसलं. त्याने झाकण पुन्हा लावलं आणि करपलेले पाव मागच्या उकिरड्यावर नेऊन फेकले.

रात्री तो बहिणीला म्हणाला, सूनबाई दिवसभरात काय खाते ते सांग. आत्याला हा प्रश्न आवडला नाही. ती म्हणाली, मी बघते तेव्हा तिचं तोंड चालूच असतं. तो म्हणाला, तोंड चालतं ते मी नाही विचारलं, काय खाते ते विचारलं. मग आत्याने बोटांवर मोजत सांगायला सुरुवात केली, चहा नि टोस्ट, मग चहा नि बिस्किटं, मग दुपारी काहीतरी, म्हणजे पाव, मग संध्याकाळी, म्हणजे तेच. मधेच ती अडली. मग म्हणाली, आम्ही पण तेच खातो, आम्हाला काय धाड भरली? भट्टीवाला म्हणाला, तुझं रक्त तपासलंय कोणी? यावर आत्या रुसून भिंतीकडे तोंड करून झोपली.

पुन्हा दवाखान्यात जायचं ठरलं ते सुनेने ठरवलं. निघताना तिने सासऱ्याला दारातच अट घातली. यायचं असेल तर गप्प बसायचं. नाहीतर मी एकटी जाते.

"बसेन," तो म्हणाला.

"बाकावर बसायचं. उभं नाही राहायचं. तुम्ही उभे राहिलात की तुमचे हात सुरू होतात."

बोळात शिरताना रखवालदाराने त्याला ओळखलं आणि भुवया वर केल्या. भट्टीवाला शाळेतल्या पोरासारखा बाकावर जाऊन बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसला. रांग सरकत सरकत सुनेची पाळी आली. ती काट्यापुढे जाऊन उभी राहिली. जमिनीवर.

"चढा," काट्यावरची बाई म्हणाली.

"आधी रक्त घ्या. मग चढते."

"आधी काटा. काटा झाल्याशिवाय कुठल्या खोलीत जायचं ते कसं कळणार?"

"मला कळलंय. उजवीकडे."

बाईने मान वर करून नीट पाहिलं आणि तिला आठवलं. तिची नजर बाकावर गेली. भट्टीवाल्याने हात अजून घट्ट दाबले. सून जागची हलेना, आणि बोळ इतका अरुंद की तिला ओलांडून काट्याशी जाता येत नव्हतं. मागे कुजबुज सुरू झाली. तिच्या मागे एक काटकुळी बाई होती, सातवा-आठवा असावा, पोट तेवढं पुढे आणि बाकी नुसती हाडं. ती म्हणाली, "चढ ना गं बाई. उभं राहून माझे पाय गेले."

"माझेही गेलेत," सून मागे न बघता म्हणाली.

"आकड्याला घाबरता होय?" काट्यावरची बाई म्हणाली. "इथे कोणी फोटो काढत नाही तुमचा."

मांड्यांखालचे हात सुटून भट्टीवाला अर्धा उठला होता. पण सुनेने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"आकडा मला पाठ आहे," ती म्हणाली. "सांगू?"

आणि तिने तो सांगितला. काट्यावरच्या बाईपेक्षा मोठ्याने, पार पलीकडच्या कारकुनाला ऐकू जाईल असा. कारकुनाने सवयीने तो लिहून घेतला.

"झालं ना आता?" ती म्हणाली. "ऐकला सगळ्यांनी? आता माझं रक्त घ्या."

गडबड ऐकून रक्ताच्या खोलीतून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. वयाने लहान, डोळ्यांखाली काळं, सकाळपासून बसायला मिळालेलं नसावं. काट्यावरच्या बाईने तक्रार सांगितली. डॉक्टरीणबाईंनी सुनेला विचारलं, काय त्रास होतो. तिने सांगितलं, गरगरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, परवा पोत्यांवर कोसळले, मागचं मूल तिसऱ्या महिन्यात गेलं आणि आता तिसरा लागतोय.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगायला तोंड उघडलं की तुम्ही काटा दाखवता."

डॉक्टरीणबाईंच्या नाकाला ते झोंबलं. म्हणाल्या, सामान मोजकं येतं बाई, ज्यांना जास्त गरज आहे त्यांना आधी द्यावं लागतं. सुनेने विचारलं, गरज आहे हे कशावरून कळतं? त्या म्हणाल्या, वजनावरून.

"माझं रक्त तर चांगलं निघालं होतं," मागची काटकुळी बाई मधेच म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, एकदम छान आहे. तरी दर खेपेला टोचता मला. हिला टोचा की माझ्याऐवजी."

कोणीतरी हसलं, मग सगळी रांग हसली, आणि या वेळी त्या हसण्याचं तोंड दुसरीकडे होतं. डाव्या खोलीतून दोन जाड बायका काय चाललंय बघायला दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या आत गेल्या नाहीत. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, आणि काट्यावरच्या बाईला म्हणाल्या, "घ्या हो हिचं. रांग हलू दे."

एवढंच. कोणाला काही पटलं म्हणून नाही. रांग हलावी म्हणून.

निकाल आला त्या दिवशी भट्टीवाला पुन्हा तिच्यासोबत होता, पुन्हा गप्प राहायच्या बोलीवर. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला आणि खुर्ची पुढे ओढली. रक्त बरंच कमी होतं. लोह कमी, आणि गर्भाला सुरुवातीलाच लागतात ती जीवनसत्त्वंही कमी. अंग भरलेलं असलं की उलट हे जास्त दिसतं, त्या म्हणाल्या, शरीर मोठं, त्याला लागतंही जास्त, आणि खाण्यात ते नसलं तर वजन वाढूनही आत टंचाईच राहते. मग कागदावरून नजर न उचलता म्हणाल्या, "गोळ्या खरं तर दिवस राहायच्या आधीपासून सुरू करायला हव्या होत्या तुम्ही."

"मी आधीच आले होते," सून म्हणाली. "मागच्या वर्षी. तेव्हा सांगितलं, वजन उतरवा मग या."

"तेव्हा मी नव्हते इथे."

"काटा हाच होता."

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहिल्या, आजपासून चुकवायच्या नाहीत म्हणाल्या. वजनाचंही बघावं लागेल म्हणाल्या, साखर आणि रक्तदाब दर खेपेला तपासू. सून म्हणाली, ते मला माहीत आहे, ते कोणी विसरूच देत नाही. मग तिने विचारलं, राहील ना या वेळी? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खात्री मी देऊ शकत नाही. उशीर झालाय, पण फार झालेला नाही.

आणि त्यांनी भट्टीवाल्याकडे मान वळवली. "तुम्ही सासरे ना? घरात खायला काय असतं हिला?"

त्याने सुनेकडे पाहिलं. ती म्हणाली, "बोला आता."

गेले कितीतरी दिवस तो बोलायची वाट बघत होता. डोक्यात वाक्यंच्या वाक्यं तयार होती, त्या कारकुनाला ऐकवायची, वरच्या साहेबाला ऐकवायची, इतके दिवस काय करत होतात म्हणणाऱ्याला ऐकवायची. आता खुद्द डॉक्टरीणबाई समोर बसून विचारत होत्या, आणि तोंडातून एकच शब्द बाहेर आला.

"पाव," तो म्हणाला.

"आणि?"

त्याने खूप विचार केला. पुढे काही सापडलं नाही.

घरी आल्या आल्या त्याने बहिणीला सांगितलं, आजपासून चूल दुपारीही पेटेल. आत्या म्हणाली, दुपारी गिऱ्हाईक असतं. तो म्हणाला, असू दे. काउंटरवर कोण बसणार? मी बसेन. आणि भट्टी? भट्टी जाते कुठे. आत्याने भांडी आपटत डाळ शिजायला टाकली, पालेभाजी निवडायला घेतली, अंडी उकडत ठेवली. हात चालू होते तसं तोंडही. एवढ्या देहाला रक्त कमी, असं ऐकलंय का कोणी कधी? जन्मात ऐकलं नाही बाई.

"ऐकलं नव्हतं म्हणूनच एक गेली," भट्टीवाला म्हणाला.

आत्याच्या हातातली पळी भांड्यातच राहिली. मग तिने ताट वाढलं, आणि दोन अंडी ठेवली होती तिथे तिसरं ठेवलं. सून खाली मांडी घालून बसली. दिवसाउजेडी या घरात ताट पुढे घेऊन बसलेली बाई भट्टीवाल्याने पाहिली नव्हती. तो फार वेळ बघत राहिला नाही. बघत राहिला असता तर पुन्हा राग आला असता, आणि आता तो कोणावर काढावा हे त्याला कळत नव्हतं.

तो पुढे दुकानात आला. अंगाला पीठ, घामाने चिकटलेलं. समोरच्या वह्या-पेन्सिलींच्या दुकानाचा मालक आला होता, रोजचे पाव न्यायला. भट्टीवाल्याने कागदी पिशवी उघडली आणि एकेक पाव आत टाकू लागला.

"आज तुम्ही? सूनबाई दिसत नाहीत?"

"जेवतेय."

"अरे वा," दुकानदार म्हणाला आणि काउंटरवर रेलला. "म्हणजे संध्याकाळपर्यंत काही मोकळ्या होत नाहीत."

भट्टीवाल्याचा हात थांबला. मग त्याने पिशवीत हात घातला, एक पाव बाहेर काढला आणि मागच्या फळीवर ठेवला. दुसरा काढला. तिसरा काढला. पिशवी रिकामी झाली तेव्हा तिची नीट घडी घालून त्याने ती काउंटरखाली सरकवली.

"पाव संपले," तो म्हणाला.

"अहो, फळी भरलीय तुमच्या मागे."

"संपले."

"चेष्टा केली हो मी."

"कळलं मला. पाव संपले."

दुकानदार थोडा वेळ उभा राहिला. फळीवरून वाफ निघत होती, वास सगळ्या रस्त्यावर पसरला होता. मग तो काहीतरी पुटपुटत रस्ता ओलांडून गेला.

आतून सुनेने विचारलं, "बाबा, कोण आहे?" आणि तिने ताट सरकवल्याचा आवाज आला. ती उठत होती.

"कोणी नाही," त्याने ओरडून सांगितलं. "उठू नकोस. जेव तू."